जू उतरवा : साखर कारखान्याच्या संचालक मंडळास खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष महोदय आणि संचालक मंडळातील सर्व सदस्य,

स. न. वि. वि.

आपल्या कारखान्याचे नाव मी या पत्रात मुद्दाम लिहिलेले नाही. ज्यांना उद्देशून हे लिहिले आहे त्यांना ते पहिल्या दोन परिच्छेदांतच कळेल. सोलापूर जिल्ह्यात कारखाने पुष्कळ आहेत आणि जे आपल्या गाडीतळावर घडते ते थोड्याफार फरकाने इतरत्रही घडते, त्यामुळे बाकीच्यांनाही हे पत्र परके वाटू नये अशी इच्छा आहे.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून ३१ वर्षे नोकरी केली. त्यातली बहुतेक वर्षे मोहोळ, माढा आणि पंढरपूर या तालुक्यांतल्या दवाखान्यांत गेली. निवृत्तीनंतर जुळे सोलापूरला राहायला आलो तरी गाळप सुरू झाले की घरात बसवत नाही. म्हणून गेले सहा हंगाम, आठवड्यातून दोन दिवस, मी आणि दोन तरुण पशुवैद्यक आपल्या गाडीतळावर येऊन ऊस वाहणाऱ्या बैलांचे सुजलेले खांदे, फाटलेले खूर आणि जखमा पाहत आलो. आपण आम्हाला पत्र्याचा एक निवारा, पाण्याचा एक हौद आणि औषधाच्या पेटीपुरती जागा दिली होती, त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

गेल्या महिन्यात निवारा काढला गेला, हौद बुजवला गेला आणि ती जागा ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना देण्याचा निर्णय झाला. बैलगाड्या कमी होत चालल्या, तोडणीयंत्रे आली, उरलेल्या थोड्या बैलांसाठी एवढी जागा अडवून ठेवणे परवडत नाही, असे कारण आम्हाला सांगण्यात आले. गाड्या कमी झाल्या हे खरेच आहे आणि त्याचे मला वाईटही वाटत नाही. परंतु विनंती करण्यासाठी आम्ही आलो त्या दिवशी आपल्यापैकी एका संचालकांनी, मनात काही अढी न ठेवता, अगदी सहज हसून विचारले, की बैलाला काय कळतंय? खोलीतले सगळे हसले आणि खरे सांगायचे तर मीही हसलो, कारण समोर चहा होता आणि वाद घालण्याची ती वेळ नव्हती. त्या हसण्याची मला लाज वाटते, म्हणून उत्तर आता लिहून देत आहे.

फेब्रुवारीतली एक रात्र मी आपल्यासमोर ठेवतो. गव्हाणीकडे, म्हणजे गाळपासाठी ऊस उतरवतात त्या जागेकडे, जाणाऱ्या रस्त्यावर मोरीपाशी जो उतार आहे, तिथे मळीने रस्ता निसरडा झालेला असतो. भरलेली गाडी उतरताना उजवीकडचा बैल घसरला आणि त्याचा पुढचा पाय मोडला. गाडीचा भार जुवावर आला, जू एका बाजूला खाली गेले आणि डावीकडचा बैल मान वाकडी होऊनही जागचा हलला नाही. मागच्या गाड्या खोळंबल्या होत्या, लोक ओरडत होते, कोणीतरी त्याला काठीही मारली. खिलार जनावर तापट असते. अशा वेळी ते उसळी मारते, दावे तोडते, समोर येईल त्याला शिंग लावते. हा उभा राहिला. आम्ही जोती कापून त्याला मोकळे केले, तेव्हा पळून जायला सगळा रस्ता रिकामा असताना तो दोन पावले मागे आला आणि पडलेल्या बैलाची मान चाटू लागला. पडलेला बैल धडपडायचा थांबला. मी त्याच्या पायाशी बसलो होतो, त्याचा श्वास संथ होत गेलेला मला हाताला कळला. त्यामुळे भुलीचे इंजेक्शन देणे सोपे गेले, हेही नोंदवून ठेवतो.

मोडलेल्या बैलाला पहाटे टेम्पोतून नेले. दुसरा बैल तीन दिवस वाढ्याला, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या चाऱ्याला, तोंड लावत नव्हता, टेम्पो गेला त्या दिशेला तोंड करून हंबरत होता. चौथ्या दिवशी मुकादमाने दुसरा बैल आणून त्याच्याशेजारी जुंपला, कारण गाडीवानावर उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, होती आणि खेप चुकवून चालणार नव्हते.

यावरून बैल आपल्यासारखाच शोक करतो असे सिद्ध झाले, असे मी म्हणणार नाही. एका रात्रीच्या प्रसंगावरून काही सिद्ध होत नाही आणि जनावरांच्या वागण्यात आपल्या भावना वाचण्याची खोड माणसाला फार आहे. १८९४ मध्येच लॉईड मॉर्गन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने बजावून ठेवले होते, की जनावराच्या एखाद्या वागण्याचा अर्थ साध्या कारणाने लागत असेल तर तिथे उच्च मानसिक शक्ती कल्पू नये. हा नियम मी नोकरीभर पाळला. पण साधे कारण शोधायला निघालेल्या शास्त्रज्ञांना गेल्या साठेक वर्षांत जे सापडत गेले, ते आपल्या बैठकीतल्या हसण्याला पुरून उरणारे आहे.

अमेरिकेत १९६४ मध्ये ज्यूल्स मॅसरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडांवर एक क्रूर प्रयोग केला. दोन साखळ्यांपैकी कोणतीही ओढली की माकडाला खाणे मिळे, पण त्यांतली एक ओढली की त्याच वेळी शेजारच्या पिंजऱ्यातल्या दुसऱ्या माकडाला विजेचा झटका बसे. बहुतेक माकडांनी झटका देणारी साखळी टाळून कमी खाण्यावर भागवले. एका माकडाने पाच दिवस आणि दुसऱ्याने तब्बल बारा दिवस कोणतीच साखळी ओढली नाही. दुसऱ्याला इजा होते म्हणून बारा दिवस उपाशी राहिलेल्या माकडाची ही नोंद विज्ञानाच्या दफ्तरात आहे. त्या प्रयोगात माणसे काय करत होती हा प्रश्न मी विचारत नाही.

२०११ मध्ये शिकागो विद्यापीठात उंदरांवर काम झाले. एका उंदराला पारदर्शक नळीत अडकवले आणि त्याच्या सोबत्याला बाहेर मोकळे सोडले. मोकळा उंदीर काही दिवसांत नळीचे दार उघडायला शिकला आणि पुढे पुढे पहिल्या काही मिनिटांतच उघडू लागला. शेजारच्या दुसऱ्या नळीत चॉकलेटचे तुकडे ठेवले तरी त्याने दोन्ही दारे उघडली आणि बऱ्याचदा सोबत्यासाठी खाऊ शिल्लक राहिला. या प्रयोगावर आक्षेप निघाले. उंदराला सोबत्याची दया आलेली नसून नुसती सोबत हवी असेल, असे काहींनी दाखवून देण्याचा प्रयत्न केला. वाद अजून चालू आहे आणि तो चालू असणेच योग्य आहे. पण सोबत हवी असणे ही गोष्टसुद्धा काही थोडी नव्हे. आपल्या गाडीतळावर तेवढीच मान्य झाली तरी माझ्या निम्म्या मागण्या पुऱ्या होतील.

प्राण्यांच्या नैतिक वागण्याचा जन्मभर अभ्यास केलेले फ्रान्स द वाल २०२४ मध्ये वारले. माणसाची नीती आभाळातून पडलेली नाही, तिचा पाया सहवेदना आणि देवाणघेवाणीतला न्याय या दोन गोष्टींवर आहे आणि त्या दोन्ही कमीअधिक प्रमाणात इतर प्राण्यांत दिसतात, असे ते मांडत आले. २००३ मध्ये सारा ब्रॉस्नन यांच्यासोबत त्यांनी दाखवले, की कॅपुचिन माकडाला एका कामाबद्दल काकडी दिली तर ते आनंदाने खाते, पण शेजाऱ्याला त्याच कामाबद्दल द्राक्ष मिळालेले पाहिले की तीच काकडी नाकारू लागते. उसाच्या दराच्या सभा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे माकड समजावून सांगावे लागणार नाही.

आपण म्हणाल, माकड झाले, उंदीर झाला, बैलाचे काय? गोवंशावरही काम झालेले आहे. व्हिक्टर आणि ॲनी राइनहार्ट या दोघांनी केनियात झेबू गुरांच्या, म्हणजे आपल्याच वशिंडवाल्या गुरांच्या, कळपाचे निरीक्षण करून १९८१ मध्ये लिहिले, की ठरावीक जनावरे ठरावीक जनावरांनाच चाटतात, त्यांच्याच शेजारी चरतात आणि हे संबंध वर्षानुवर्षे टिकतात. अलीकडे इंग्लंडमध्ये क्रिस्टा मॅक्लेनन यांनी गायींच्या हृदयाचे ठोके मोजले. गाय तिच्या आवडत्या जोडीदारणीसोबत वेगळी ठेवली असता, परक्या गायीसोबत असताना पडतात त्यापेक्षा तिचे ठोके कमी पडले. फ्रान्समध्ये १९९८ मध्ये आलँ बुआसी आणि सहकाऱ्यांनी असे दाखवले, की तणावात असलेल्या कालवडीच्या मूत्राचा वास आला तरी दुसऱ्या कालवडी बिचकतात आणि खाण्याकडे वळायला वेळ लावतात.

ही शेवटची गोष्ट मी आपल्या गाडीतळाला लावून पाहतो. तिथे एकमेकांना खेटून शेकडो बैल रात्रभर उभे असतात. त्यातल्या एकाला भीती वाटली, एकाच्या खांद्यातून रक्त आले, तर ते त्याच्यापुरते राहत नाही. आपल्या गाडीवानांना हे कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय ठाऊक आहे. चढावर गाडी अडली की कित्येकदा ते डाव्याला मारतात आणि उजवा ओढतो. मी एका म्हाताऱ्या गाडीवानाला विचारले, की मार याला आणि जोर तो का लावतो? तो म्हणाला, साहेब, त्याचं त्याला लागतंय की. सहवेदनेची याहून नेमकी व्याख्या मला कुठे वाचायला मिळालेली नाही आणि दुर्दैव असे, की आपण सगळे मिळून ऊस वाहण्यासाठी तिचाच वापर करतो.

आणखी एक दृश्य सांगतो आणि मग तक्रारींकडे येतो. ऊसतोड कामगारांची तान्ही मुले गाडीखाली, साडीच्या झोळीत किंवा नुसत्या पोत्यावर झोपलेली असतात. बैल तिथेच बांधलेले असतात. सहा हंगामांत, बैलाचा पाय पडून मूल दुखावल्याचे मी एकदाही पाहिले नाही. उचललेला खूर हवेतच थांबवून बैल अंग चोरून बाजूला सरकल्याचे मात्र अनेकदा पाहिले आहे. याला नीती म्हणायचे की सवय, हे आपण ठरवावे. घरातल्या माणसाने तेच केले असते तर आपण त्याला समजूतदार म्हटले असते.

आता तक्रारी.

सगळ्यांत मोठी तक्रार जुवाची आहे. गव्हाणीवर नंबर लागेपर्यंत गाडीला आठ-आठ, दहा-दहा तास थांबावे लागते आणि रांग कधी पुढे सरकेल याचा भरवसा नसल्यामुळे गाडीवान बैल सोडत नाहीत. भरलेल्या गाडीचे जू मानेवर घेऊन बैल रात्र काढतात. काम नसताना जनावर जुंपलेले ठेवू नये, असे ओझ्याच्या जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत स्वच्छ लिहिलेले आहे. दिवसातून एकूण नऊ तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, तसेच तापमान ३७ अंशांवर गेले असता दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावर जुंपू नये, हेही त्याच नियमांत आहे. सोलापुरात मार्च महिन्याला ३७ अंश म्हणजे काय वाटते हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही. आपल्या कार्यालयात त्या महिन्यात वातानुकूलन यंत्र चालू असते आणि ते असावेच.

दुसरे, ओझे. गाडीवान जास्त भरतो असे नेहमी सांगितले जाते. पण प्रत्येक गाडी आपल्याच वजनकाट्यावर भरलेली आणि रिकामी अशी दोनदा तोलली जाते. कोणत्या गाडीवर किती ऊस होता याची चिठ्ठी गाडीवानाच्या हातात पडण्याआधी आपल्या संगणकात जाते. तेव्हा जास्त ओझ्याची माहिती नाही, असे म्हणण्याची सोय जिल्ह्यात इतर कोणाला असली तरी आपल्याला नाही.

तिसरे, टोकाला आर, म्हणजे लोखंडी अणी, बसवलेली काठी. तीही १९६५ च्या नियमांनुसार बंद आहे आणि गाडीतळाच्या बाहेरच्या टपरीवर उघड विकली जाते.

चौथी तक्रार कायद्यात कुठे नाही, ती मी माझ्या वतीने करतो. जोडी फोडण्यात येते. एक बैल जायबंदी झाला की दुसऱ्याला पुरेशी उसंत मिळत नाही, कारण खाडा पडला की गाडीवानाच्या उचलीवर व्याज चढते. मी गाडीवानाला दोष देत नाही. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करताना हाच माणूस बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावून, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या, असे हात जोडून म्हणतो. अक्कलकोटकडचा असेल तर कारहुणवीला, म्हणजे बैलांच्या कानडी सणाला, म्हणतो, एवढाच फरक. त्याच्या घरातल्या बाईला भाकरीचा पहिला तुकडा बैलाला देताना मी पाहिले आहे. त्याच माणसाच्या हातात काठी देणारी व्यवस्था उचल, मुकादम, नंबर आणि खेप यांची आहे आणि तिच्या एका टोकाला आपण बसलेले आहात.

कायद्याचा धाक दाखवण्याचा माझा हेतू नाही, कारण धाक वाटावा असा तो कायदाच नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या आग्रहातून आला. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज गाडीतळावर दोघांचा वडापाव-चहासुद्धा धड होत नाही. राज्यघटनेच्या ५१-अ कलमात जीवमात्रांविषयी करुणा बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले आहे, पण कर्तव्याला दंड नसतो. म्हणूनच मी पोलिसांकडे न जाता आपल्याकडे आलो आहे. आपण सभासदांनी निवडून दिलेली माणसे आहात, आणि सभासदांपैकी क्वचितच कोणी असा असेल ज्याच्या घरी एकेकाळी बैलजोडी नव्हती.

दरवर्षी संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज ६८ लिंगांना तैलाभिषेक करण्यासाठी निघतात, तेव्हा आपल्यापैकी कित्येकजण पांढरा बाराबंदी पोशाख घालून त्यांच्यासोबत चालतात. मीही चालतो. त्याच यात्रेच्या जनावरांच्या बाजारात खिलार जोडी घेताना जाणता शेतकरी दोन बैल आधी शेजारी बांधून ठेवतो, ते एकमेकांना हुंगतात का, एका टोपलीतले खातात का, हे पाहतो आणि मगच सौदा करतो. रंग आणि शिंगे जुळली तरी मने जुळली नाहीत तर जोडी चालत नाही, हे तो जाणतो. बैलाला काय कळतं हे त्या शेतकऱ्याला विचारले असते तर मला हे पत्र लिहावे लागले नसते.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांतली एकही अशी नाही जिच्यामुळे कारखान्याला नफ्यातोट्यात खाली बघावे लागेल.

निवारा आणि हौद गाळपाआधी पुन्हा उभे करावेत, त्याच जागी नसले तरी गव्हाणीपासून हाकेच्या अंतरावर. ट्रॉल्यांना जागा हवी हे मला मान्य आहे. उत्तरेकडच्या भिंतीलगतची मोकळी जागा मी स्वतः पावलांनी मोजून आलो आहे आणि ती पुरेल. गाडी रांगेत लागताच तिला क्रमांक देऊन नंबर जवळ आल्याचा निरोप मोबाईलवर द्यावा, म्हणजे गाडीवान निर्धास्तपणे बैल सोडील. ट्रॉल्यांसाठी ही सोय आपण आधीच केलेली आहे, त्यामुळे नवी यंत्रणा लागणार नाही. जू उतरवल्यावर गाडीची धुरा टेकवण्यासाठी लोखंडी टेकू ठेवावेत. आपल्या वर्कशॉपमध्ये भंगारातून ते आठ दिवसांत होतील.

वजनकाट्यावर प्रत्येक गाडीची मर्यादा ठरवून ती फळ्यावर लिहावी आणि मर्यादेबाहेरचा ऊस भरायला लावणाऱ्या मुकादमाला समज द्यावी, कपात गाडीवानाच्या बिलातून करू नये. आर लावलेल्या काठ्या फाटकावर काढून घ्याव्यात. मार्चपासून दुपारी बारा ते तीन गाड्या थांबवाव्यात. काम करताना बैल जायबंदी झाला तर त्याच्या जोडीदाराला किमान सात दिवस जुंपू नये आणि त्या दिवसांचा गाडीवानाचा खाडा कारखान्याने भरून द्यावा. ही शेवटची मागणी आपल्याला विचित्र वाटेल याची मला कल्पना आहे. एका हंगामात आपल्या तळावर असे किती प्रसंग घडले याची नोंद माझ्या वहीत आहे, ती पाहिल्यावर हा खर्च अध्यक्षांच्या गाडीच्या डिझेलपेक्षाही कमी भरेल असा माझा अंदाज आहे. आणि मोरीपाशीचा उतार खडी टाकून खडबडीत करावा. हे काम एका दिवसाचे आहे आणि ते फेब्रुवारीतच व्हायला हवे होते.

आमच्या वेळेचा किंवा औषधांचा एक रुपयाही आम्ही मागत नाही, पूर्वीही मागितला नव्हता.

ज्या संचालकांनी तो प्रश्न विचारला त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांचे वडील उत्तम बैल पाळत, हे मला माहीत आहे, कारण तरुणपणी त्यांच्या गोठ्यात मी लसीकरणाला गेलेलो आहे. एक बैल टोचताना दुसरा दावणीला हिसके देत होता आणि त्यांच्या वडिलांनी मला आधी त्या दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवायला लावला होता.

बॉयलर पेटण्याला अजून काही आठवडे आहेत. मोळीपूजनाच्या दिवशी सकाळी आम्ही तिघे नेहमीप्रमाणे पेटी घेऊन फाटकावर येऊ. तोपर्यंत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. हौद झाला नसेल तर बादल्या आम्ही घरून आणू, पण पाण्याची तोटी कुठे उघडायची एवढे तरी कळवावे.

आपला नम्र,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
जुळे सोलापूर